शाबितीचा भार : अमेरिकी शहरांतील पोलीस व अग्निशमन जवानांचे अपंगत्व निवृत्तिवेतन

१. विषयाची चौकट

भारतात ‘पोलीस’ हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतो, त्यामुळे मुंबईच्या वा नागपूरच्या रस्त्यावर गस्त घालणारा शिपाई हा महानगरपालिकेचा नोकर नसून राज्य शासनाचा नोकर असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र काही हजार वस्तीच्या गावालाही बहुधा स्वतःचे पोलीस खाते असते, अनेक ठिकाणी पगारी अग्निशमन दल असते, दोहोंचा खर्च गावाच्याच तिजोरीतून भागतो, आणि त्यांतील एखादा जवान कामावर असताना कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या उर्वरित आयुष्याच्या उपजीविकेचा वाटाही बव्हंशी त्याच गावाच्या मालमत्ता करावर येऊन पडतो. या तरतुदीला तेथे अपंगत्व निवृत्तिवेतन म्हणतात. वयोमानाने निवृत्त होण्यापूर्वीच शारीरिक वा मानसिक अक्षमतेमुळे सेवा सोडावी लागलेल्या कर्मचाऱ्याला अंतिम पगाराच्या ठरावीक प्रमाणात दरमहा मिळणारी रक्कम, असा तिचा अर्थ आहे.

ही कल्पना तेथे जुनी आहे. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांसाठी १८५७ मध्ये जो निधी उभारला गेला तो अमेरिकेतील नगर पातळीवरील पहिला निवृत्तिवेतन निधी मानला जातो, आणि त्याचा मूळ हेतू कामात जखमी झालेल्यांना आधार देणे हाच होता. म्हातारपणाची सोय म्हणून निवृत्तिवेतन मिळू लागले ते त्यानंतर. तरीही दीडशेहून अधिक वर्षांनंतर या क्षेत्रातील वाद मिटलेले नाहीत, आणि त्यांचे मूळ एका प्रश्नात सापडते. माणूस किती मोडला याची तपासणी वैद्यक करू शकते, परंतु तो कशामुळे मोडला याचे उत्तर कायद्याला हवे असते, आणि ते उत्तर पुराव्यानिशी मांडण्याची जबाबदारी कोणाच्या खांद्यावर टाकायची यावर अखेरचा निकाल अवलंबून राहतो. या जबाबदारीला विधिभाषेत शाबितीचा भार म्हणतात. तो भार काळानुसार कसा सरकत गेला आणि तो कोठे असावा, याचा विचार प्रस्तुत व्याख्यानात इलिनॉय राज्याचे उदाहरण मध्यवर्ती ठेवून केला आहे, कारण कर्तव्य, आजार आणि पैसा यांचे नाते तेथील कायद्याने कलमवार उलगडून दाखवले आहे.

२. दोन टक्केवाऱ्या

इलिनॉयच्या निवृत्तिवेतन संहितेतील तिसरा विभाग ५,००० ते ५,००,००० लोकसंख्येच्या शहरांतील पोलिसांना आणि चौथा विभाग तशाच शहरांतील अग्निशमन जवानांना लागू आहे, तर शिकागोच्या पोलीस व अग्निशमन दलांसाठी अनुक्रमे पाचवा व सहावा असे वेगळे विभाग आहेत. तिसऱ्या विभागाखालील पोलीस आपल्या पगाराच्या ९.९१ टक्के आणि चौथ्या विभागाखालील अग्निशमन जवान ९.४५५ टक्के रक्कम निधीत भरतात, आणि उरलेली जबाबदारी नगरपालिका मुख्यतः मालमत्ता करातून उचलते.

अपंगत्व कर्तव्य बजावताना आले असेल तर हुद्द्याला जोडलेल्या पगाराच्या किमान ६५ टक्के निवृत्तिवेतन मिळते. ते कर्तव्याबाहेरील कारणाने आले असेल तर ५० टक्के मिळते, आणि अग्निशमन जवानाच्या बाबतीत या दुसऱ्या प्रकारासाठी किमान ७ वर्षांची सेवा झालेली असावी लागते. कर्तव्यावरील दुखापतीसाठी सेवेची अशी अट नाही. म्हणजे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात जळत्या घराचे छप्पर अंगावर कोसळले तरी जवान ६५ टक्क्यांना पात्र ठरतो.

पंधरा टक्क्यांचे हे अंतर कागदावर दिसते त्यापेक्षा व्यवहारात बरेच मोठे आहे. उदाहरणादाखल मासिक पगार ८,००० डॉलर धरला, तर एका प्रकारात ५,२०० आणि दुसऱ्या प्रकारात ४,००० डॉलर मिळतील, म्हणजे वर्षाला १४,४०० डॉलरचा फरक पडेल. शिवाय कर्तव्यजन्य अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावर संघराज्याचा प्राप्तिकर सर्वसाधारणपणे लागत नाही, तर दुसऱ्या प्रकारातील रक्कम साधारणतः करपात्र ठरते. इलिनॉयमध्ये १९९७ च्या आणखी एका कायद्याने गंभीर दुखापत झालेल्या जवानाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा हप्ता नगरपालिकेने भरावा असे ठरवले, आणि ‘गंभीर दुखापत’ म्हणजे जिच्यामुळे कर्तव्यजन्य अपंगत्व निवृत्तिवेतन मंजूर होते ती दुखापत, असा अर्थ राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ब्लूमिंग्टन शहराच्या प्रकरणात लावला. मात्र विम्याच्या या लाभासाठी ती दुखापत पाठलाग, आणीबाणीची हाक, दुसऱ्याचे बेकायदा कृत्य किंवा गुन्ह्याचा तपास यांच्या ओघात झालेली असावी लागते. खासगी आरोग्य विम्यावर चालणाऱ्या देशात तरुण वयात नोकरी गमावलेल्या माणसासाठी हा लाभ काही वेळा निवृत्तिवेतनाइतकाच मोलाचा ठरतो. पाठीचा एकच मणका सरकला, शस्त्रक्रिया एकच झाली, कामाला मुकणेही तेच, परंतु कारणाच्या रकान्यात काय लिहिले गेले त्यावरून दोन कुटुंबांची पुढची तीस वर्षे वेगळी होतात.

३. कर्तव्यकृत्य म्हणजे काय?

शिकागो पोलिसांना लागू असलेल्या विभागात ‘कर्तव्यकृत्य’ या संज्ञेची व्याख्या आहे, आणि तीच व्याख्या इतर शहरांतील पोलिसांच्या प्रकरणांतही आधारभूत मानली जाते. सामान्य नागरिकाला रोजच्या जीवनात जी जोखीम सहसा पत्करावी लागत नाही अशी विशेष जोखीम ज्या पोलिसी कामात स्वभावतःच असते ते काम, किंवा दुसऱ्याचा जीव वा मालमत्ता वाचवण्यासाठी केलेले शौर्याचे कृत्य, असा तिचा आशय आहे. अग्निशमन जवानांची व्याख्या अधिक ऐसपैस आहे. दलाच्या नियमांनी नेमून दिलेले कोणतेही काम तिच्यात सामावते, तेथे विशेष जोखमीची वेगळी कसोटी लागत नाही, आणि म्हणून ठाण्यातील सरावात झालेली इजाही तिच्यात बसू शकते.

पोलिसांच्या बाबतीत मात्र ‘विशेष जोखीम’ या दोन शब्दांनी वकिलांना आणि न्यायाधीशांना अनेक दशके कामाला लावले. शिकागोतील एक शिपाई वाहतूक नियंत्रणावर असताना जवळच झालेल्या अपघाताची खबर देत एका नागरिकाने त्याची मदत मागितली, शिपाई रस्ता ओलांडू लागला आणि पाय घसरून पडला. रस्ता तर कोणीही ओलांडतो, तेव्हा यात विशेष जोखीम कोणती, असा निवृत्तिवेतन मंडळाचा पवित्रा होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये तो फेटाळला आणि असे सांगितले की शारीरिक हालचाल कोणती होती यापेक्षा ती करताना तो मनुष्य कोणत्या भूमिकेत होता हे पाहावे. नागरिकाच्या हाकेला धावून जाणे ज्याला टाळता येत नाही, त्याचे रस्ता ओलांडणे हे वाटसरूच्या रस्ता ओलांडण्यापेक्षा वेगळे ठरते. पुढील निर्णयांत हे तत्त्व गस्तीच्या अनेक साध्या वाटणाऱ्या कामांना लागू झाले, तथापि टेबलावरील निव्वळ कारकुनी काम करताना झालेली दुखापत त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

न्यूयॉर्क शहराने दुसरी कसोटी स्वीकारली. तेथे तीन-चतुर्थांश पगाराइतके निवृत्तिवेतन मिळण्यासाठी दुखापत ‘अपघाता’ने झालेली असावी लागते, आणि घटना अकस्मात, अनपेक्षित व नेहमीच्या क्रमाबाहेरची असेल तरच ती अपघात ठरते, असे तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने १९८२ मध्ये स्पष्ट केले. त्या प्रकरणातील अधिकारी उभ्या मोटारीच्या काचेवर दंडाची पावती लावण्यासाठी बॉनेटवरून वाकला आणि त्याची पाठ कायमची दुखावली. वाकणे हा त्याच्या नित्याच्या कामाचा भाग असल्याने तो अपघात मानला गेला नाही. दोनच वर्षांनी त्याच न्यायालयाने मोटारीजवळच्या ओल्या फरसबंदीवर पाय घसरून पडलेल्या अधिकाऱ्याचे पडणे मात्र अपघात ठरवले. इलिनॉयची कसोटी कामातील जोखमीचा शोध घेते, तर न्यूयॉर्कची कसोटी घटनेतील आकस्मिकतेचा. दुसऱ्या कसोटीचा परिणाम असा होतो की धोका कामाच्या स्वरूपातच जितका मुरलेला असेल तितका तो ‘अपेक्षित’ ठरतो, आणि त्यातून झालेली इजा मोठ्या निवृत्तिवेतनापासून तितकी दूर जाते. धोक्याच्या सेवेसाठीच ज्या तरतुदीची योजना झाली तिच्यातील ही विसंगती सहज नजरेआड करण्यासारखी नाही.

जुन्या दुखण्याचा प्रश्न याला जोडूनच येतो. नॉर्थ शिकागो येथील एका पोलिसाच्या गुडघ्याच्या प्रकरणात २००७ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की कर्तव्यकृत्य हे अपंगत्वाचे एकमेव किंवा प्रमुख कारण असण्याची गरज नाही, आधीपासून असलेल्या व्याधीत त्याने भर घातली असेल तरी पुरे. त्याच राज्यातील शिकागो शहराच्या विभागात मात्र नियम वेगळा आहे. तेथे कर्तव्यजन्य अपंगत्वाचा दर ७५ टक्के आहे, पण दुखापतीच्या वेळी आधीच असलेल्या व्याधीतून अपंगत्व उद्भवले असेल तर तो ५० टक्क्यांवर येतो. शहराची हद्द ओलांडली की त्याच गुडघ्याचे कायदेशीर मोल बदलते.

४. झिजलेले शरीर आणि विधिगृहीतक

वर आलेली सर्व उदाहरणे एका क्षणाशी बांधलेली आहेत, म्हणजे पाय कधी घसरला हे सांगता येते. परंतु वीस वर्षे धूर श्वासात घेतलेल्या माणसाची फुप्फुसे कोणत्या आगीत निकामी झाली हे कोणालाच सांगता येणार नाही. इलिनॉयच्या चौथ्या विभागाने अग्निशमन जवानांपुरती ही अडचण ओळखली आणि एखाद्या कर्तव्यकृत्याबरोबरच अशा कृत्यांचा साचत गेलेला परिणाम हेही अपंगत्वाचे ग्राह्य कारण मानले. पोलिसांच्या विभागात हे शब्द नाहीत, आणि तेवढ्याने दोन सेवांमध्ये मोठी दरी पडली आहे.

याहून पुढचे पाऊल म्हणजे विधिगृहीतक. एक गोष्ट सिद्ध झाली की दुसरी गोष्ट, उलट पुरावा येईपर्यंत, सिद्ध झाली असे कायद्याने मानून चालणे, असा त्याचा अर्थ आहे. मॅसेच्युसेट्स राज्याने १९५० मध्ये ‘हृदय कायदा’ या नावाने ओळखली जाणारी तरतूद केली. सेवेत दाखल होतानाच्या वैद्यकीय तपासणीत हृदयविकार वा उच्च रक्तदाब यांचा मागमूस नव्हता आणि पुढे त्यामुळे अपंगत्व आले, एवढे दाखवले की तो विकार सेवेमुळेच झाला असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी उलट बाजूवर जाते. फुप्फुसांचे विकार आणि कर्करोग यांसाठी तशाच तरतुदी नंतर आल्या. तेथील कर्तव्यजन्य निवृत्तिवेतनाचा दर पगाराच्या ७२ टक्के आहे. अमेरिकेत कर्तव्यावर असताना होणाऱ्या अग्निशमन जवानांच्या मृत्यूंत हृदयविकाराचा झटका हे दीर्घकाळ सर्वांत मोठे कारण राहिले आहे, हे लक्षात घेता या गृहीतकाला वस्तुस्थितीचा आधार आहे.

ज्याला गृहीतकाचा लाभ हवा त्याने काही बंधनेही स्वीकारावीत, ही विचाराची दुसरी बाजूही त्याच राज्यात दिसते. १ जानेवारी १९८८ नंतर नेमलेल्या पोलिसांना व अग्निशमन जवानांना तंबाखूजन्य पदार्थांचे धूम्रपान करण्यास, मग ते कामावर असोत वा घरी, मॅसेच्युसेट्सच्या कायद्याने पूर्ण मनाई केली, आणि या नियमाचा भंग केल्याबद्दल प्लिमथ नगरातील एका पोलिसाची नोकरी गेली ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये योग्य ठरवली. शरीराच्या झिजेची जबाबदारी सार्वजनिक तिजोरीने घ्यायची असेल तर त्या शरीराच्या खासगी सवयींवर तिजोरीचा हक्क कोठवर पोहोचतो, हा प्रश्न त्या निकालाने सुटला असे म्हणता येणार नाही, पण तो उघडपणे मांडला गेला.

कर्करोगाच्या बाबतीत कायदा आणि विज्ञान यांची सांगड अधिक घट्ट आहे. इलिनॉयमध्ये हृदयविकार, क्षय, श्वसनमार्गाचे विकार आणि कर्करोग यांना अग्निशमन जवानांचे व्यवसायजन्य रोग मानून किमान पाच वर्षांच्या सेवेनंतर ६५ टक्के निवृत्तिवेतन मिळते. कर्करोगासाठी उष्णता, किरणोत्सर्ग किंवा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ज्ञात कर्कजनक ठरवलेला घटक यांच्याशी संपर्क आल्याचे दाखवावे लागते. याच संस्थेने २०१० मध्ये अग्निशमनाच्या व्यवसायाला ‘संभाव्य’ कर्कजनकांच्या गटात ठेवले होते, आणि २०२२ मध्ये फ्रान्समधील लिऑन येथे झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनंतर त्याला पहिल्या, म्हणजे मानवासाठी निश्चितपणे कर्कजनक असलेल्या गटात आणले. फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांबाबतचा पुरावा तिने पुरेसा मानला. तोवर जळत्या घरातील एकेका रसायनाकडे बोट दाखवावे लागत होते, आता तो व्यवसायच कारण म्हणून पुढे ठेवता येतो.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले, परंतु निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने अधिक अवघड प्रश्न पुढे ढिगाऱ्यावर राबलेल्या आणि वर्षानुवर्षांनी आजारी पडलेल्या माणसांचा होता. न्यूयॉर्क राज्याने २००५ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र विधिगृहीतक निर्माण केले आणि आधीच सामान्य निवृत्ती घेतलेल्यांनाही, नंतर आजार उद्भवल्यास, आपले निवृत्तिवेतन अपंगत्वाच्या वर्गात बदलून घेण्याची मुभा दिली. निवृत्तीच्या दिवशी दिसत नसलेली जखमही सेवेतीलच असू शकते, हे तत्त्व तेथे कायद्यात उतरले.

५. मनाची जखम

गृहीतकांचा हा विस्तार मनापर्यंत मात्र फार सावकाश पोहोचला. इलिनॉयच्या संहितेत ‘शारीरिक वा मानसिक’ अपंगत्व असे शब्द असूनही कार्बनडेल शहरातील एका पोलिसाच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये असे ठरवले की पोलिसी नोकरीचा सर्वसाधारण ताण ६५ टक्के निवृत्तिवेतनासाठी पुरेसा नाही, पोलिसी कामापुरते खास असलेले एखादे ओळखता येण्याजोगे कर्तव्यकृत्य दाखवून त्यातूनच अपंगत्व आल्याचे सिद्ध करावे लागेल. ताण सर्वच नोकऱ्यांत असतो आणि त्याची सीमा आखणे कठीण, ही न्यायालयाची अडचण खरी होती. तरीही एका गोळीबारानंतर खचलेल्या शिपायाला मार्ग मोकळा, आणि वीस वर्षे अपघातस्थळी लहान मुलांचे मृतदेह उचललेल्या शिपायाला तो बंद, अशी स्थिती त्यातून निर्माण होते.

संघराज्य पातळीवर हा विचार काहीसा पुढे सरकलेला दिसतो. कर्तव्यावर मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांसाठी १९७६ मध्ये केलेला संघीय लाभ कायदा १९९० मध्ये कायमच्या व संपूर्ण अपंगत्वालाही लागू झाला, २००३ च्या दुरुस्तीने हृदयविकार व पक्षाघात यांबाबत गृहीतक आणले, आणि २०२२ च्या कायद्याने आघातोत्तर मानसिक तणावविकार व काही परिस्थितींतील आत्महत्या यांनाही कक्षेत घेतले. मात्र ही संघीय मदत एकरकमी असते. दरमहाच्या निवृत्तिवेतनाचे निकष राज्यांचे कायदेच ठरवतात.

६. निर्णय कोणाचा, पैसा कोणाचा?

इलिनॉयमधील पोलिसांच्या स्थानिक मंडळावर पाच विश्वस्त असतात. दोघांची नेमणूक महापौर करतो, दोघांना सेवेतील पोलीस निवडून देतात आणि एकाला निवृत्तिवेतनधारक. अपंगत्वाच्या अर्जावर मंडळाने निवडलेल्या तीन डॉक्टरांकडून तपासणी होते, सुनावणी होते, आणि मंडळाचा निर्णय पुराव्याच्या उघड विरोधात असल्याखेरीज न्यायालय सहसा हस्तक्षेप करत नाही. शहरांची अशी सुमारे ६५० मंडळे राज्यात आहेत. २०१९ च्या कायद्याने त्यांच्या गुंतवणुकी पोलिसांसाठी एक आणि अग्निशमन जवानांसाठी एक अशा दोन राज्यव्यापी निधींत एकत्र केल्या, परंतु कोण अपंग आणि कोणत्या कारणाने, हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक मंडळांकडेच ठेवला. पैशाचे केंद्रीकरण झाले, न्यायाचे झाले नाही. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस निधीत शहराची आणि कर्मचारी संघटनांची मते समसमान आहेत, आणि अपघाताच्या प्रश्नावर तिढा पडला तर अर्जदाराच्या पदरात कमी दराचे साधे अपंगत्व निवृत्तिवेतन पडते. म्हणजे संशय उरला तर त्याचा फटका जखमी माणसाला बसतो.

करदात्यांची बाजूही तितकीच गंभीरपणे घेतली पाहिजे. इलिनॉयच्या १९७० च्या राज्यघटनेनुसार सार्वजनिक निवृत्तिवेतन हा न मोडता येणारा करार आहे, तर दुसरीकडे शहरांनी २०४० पर्यंत आपल्या निधींत देण्याच्या ९० टक्के इतकी तरतूद करावी असे कायद्याचे बंधन आहे. गैरवापराची भीतीही निराधार नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शंभराहून अधिक व्यक्तींवर खोट्या मानसिक अपंगत्वाच्या आधारे लाभ लाटल्याचे आरोपपत्र दाखल झाले, आणि त्यांत निवृत्त पोलीस व अग्निशमन जवान मोठ्या संख्येने होते. ते प्रकरण शहराच्या निवृत्तिवेतनाचे नसून संघीय सामाजिक सुरक्षेच्या लाभाचे होते, तथापि संशयाची छाया दोन्हींवर पडली. काटकसरीचा सरधोपट मार्गही त्याच शहरात दिसला. १ जुलै २००९ नंतर भरती झालेल्यांना वेगळ्या श्रेणीत टाकल्यामुळे त्यांचे कर्तव्यजन्य निवृत्तिवेतन अर्ध्या पगारावर आले आणि त्यातूनही सामाजिक सुरक्षेच्या लाभाचा निम्मा भाग वजा होऊ लागला. एकाच आगीत शेजारी उभ्या असलेल्या दोन जवानांच्या जखमेची किंमत भरतीच्या तारखेवरून ठरू लागली, आणि अखेर २०१६ मध्ये अग्निशमन जवानांसाठी व २०१७ मध्ये पोलिसांसाठी तीन-चतुर्थांशाचा दर पुन्हा आणावा लागला. लबाडी रोखण्यासाठी टक्केवारी कापली तर लबाड आणि प्रामाणिक दोघेही सारखेच भरडले जातात. त्यापेक्षा इलिनॉयप्रमाणे पन्नाशीपर्यंत दरवर्षी फेरतपासणी घेणे आणि बरा झालेल्याला सेवेत परत आणणे हा नेमका उपाय आहे.

७. भार कोठे असावा?

भारतीय कायद्याने या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० मधील चौथ्या पोटकलमानुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. मूळ पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत वा निवृत्तीचे वय होईपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. १९९५ च्या आधीच्या कायद्यातील ४७ व्या कलमातही हेच तत्त्व होते. दिव्यांगत्व कशामुळे आले याची चौकशी हे पोटकलम करतच नाही. अमेरिकी व्यवस्था जखमी जवानाला पैसे देऊन सेवेबाहेर पाठवते आणि म्हणून तिला कारण विचारावे लागते, तर भारतीय तरतूद त्याला सेवेतच ठेवते आणि म्हणून कारणाचा प्रश्न टाळू शकते. परंतु ज्याच्याकडून कोणतेच काम होणार नाही, किंवा ज्याचा कर्करोग निवृत्तीनंतर उघडकीस आला, त्याला अधिसंख्य पदाचा काय उपयोग? १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात ६६ अग्निशमन जवानांचे प्राण गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आगीत मरण आलेल्याचे स्मरण समाज ठेवतो, पण आगीतून परतून सावकाश आजारी पडलेल्याची नोंद ठेवण्याची जबाबदारी यंत्रणेची असते, आणि मुंबई अग्निशमन दल ही महानगरपालिकेचीच शाखा असल्याने तो प्रश्न येथेही नगरप्रशासनाच्या दारात येतो.

या सर्व अनुभवातून एक तत्त्व मांडता येते. जो पुरावा जपू शकत होता, शाबितीचा भार त्याच्यावर असावा. सेवेत घेताना जवानाचे शरीर तपासून घेणारी नगरपालिका असते, त्याला कोणत्या आगीवर आणि कोणत्या घटनास्थळी पाठवले याची नोंदवही तिच्याकडे असते, मुखवटा आणि श्वसनयंत्र पुरवणारीही तीच असते. जवानाला मात्र श्वासात गेलेला धूर पुरावा म्हणून जपून ठेवता येत नाही. म्हणून मॅसेच्युसेट्सच्या हृदय कायद्यातील तर्क योग्य ठरतो. ज्याला निरोगी म्हणून घेतले तो सेवेत आजारी पडला, तर कारण सेवाच असे प्रथम मानावे आणि तसे नाही हे नोंदींच्या आधारे नगरपालिकेने दाखवावे. मानसिक आघाताला हा तर्क न लावण्याचे सबळ कारण दिसत नाही, कारण अमेरिकेतील बहुतेक पोलीस खाती भरतीपूर्वी मानसशास्त्रीय चाचणी घेतातच आणि प्रत्येक घटनेची नोंदही ठेवतात. तीन शहरांत तीन कसोट्या आणि एका राज्यात दोन दर असलेल्या व्यवस्थेला सुधारायचे, तर टक्केवारीच्या वाटाघाटींआधी या नोंदी जवानाला मागताक्षणी मिळण्याची सोय झाली पाहिजे. प्रत्येक आगीतील धुराच्या संपर्काची नोंद जवानाच्या सेवापुस्तकात करणे हे काम अमेरिकेतील शहरांप्रमाणेच महाराष्ट्रातील महानगरपालिकांनाही कोणत्याही नव्या कायद्याची वाट न पाहता सुरू करता येण्यासारखे आहे.